मातामायच्या पुढची हद्द

उमक मॅडम गेल्याची बातमी अकोल्याच्या आमच्या वार्ताहराने पाठवली, ती चार ओळींची होती. निवृत्त प्राध्यापिका, अल्प आजार, मागे भाऊ-भावजय, अंत्यसंस्कार मोर्णा नदीकाठी. पानावर जागा कमी होती. यात काही वाढवायचं का, असं उपसंपादकाने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पान सोडलं. त्या चार ओळींत जे मावलं नाही त्यातलं थोडं इथे लिहीत आहे.

त्यांचं नाव सुमन. पण अमरावतीत आणि अकोल्यात त्यांना त्या नावाने हाक मारणारं भावाखेरीज कोणी उरलं नव्हतं. अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी बरीच वर्षं नियंत्रण प्रणाली हा विषय शिकवला. माझी आणि त्यांची ओळख मात्र रस्त्यावरची. मोर्शी-वरूडची संत्री मध्य प्रदेशात आणि तिथून वर उत्तरेत नेण्यासाठी स्वतः चालणारे ट्रक वापरून पाहावेत, असं काही वर्षांपूर्वी ठरलं. हे ट्रक एकमेकांशी, रस्त्याकडेच्या खांबांशी आणि अमरावतीतल्या नियंत्रण कक्षाशी सतत बोलत राहायचे. पुढच्याने ब्रेक लावला की मागच्याला ते दिसण्याआधी कळायचं. चालक आत बसलेला असे, पण चाक हातात घ्यायची वेळ त्याच्यावर क्वचित येई. अडचण होती ती राज्याच्या सीमेची. इकडची परवानगी इकडच्या सरकारची, तिकडची तिकडच्याची. नियम वेगळे, अधिकारी वेगळे, नियंत्रण कक्षही वेगळा. या दोघांचा मेळ घालायला एक समन्वयक हवा होता. मॅडमना प्रतिनियुक्तीवर आणलं गेलं.

पहिल्या पत्रकार परिषदेत कंपनीच्या माणसांनी पडद्यावर सुंदर चित्रं दाखवली. निळ्या रस्त्यावरून पांढरे ट्रक घसरत होते. सगळं संपल्यावर मागच्या रांगेतून आवाज आला, "अन् नाही झालं तं?"

ठेंगण्या बांध्याची, सुती साडीवर खेळाचे बूट घातलेली एक बाई उभी होती. ती या प्रयोगाची समन्वयक आहे हे आम्हा पत्रकारांना तेव्हा माहीत नव्हतं.

"काय नाही झालं तर, मॅडम?" कंपनीच्या माणसाने विचारलं.

"काहीबी. खांबानं निरोप नाही देल्ला तं? ट्रकनं ऐकला नाही तं? तुमी झालं तं काय होईन ते सांगतलं. मले दुसरं सांगा."

हा प्रश्न पुढे इतक्यांदा ऐकला की बैठकीत कोणी बोलायला उठला की आधीच म्हणे, "नाही झालं तर काय, ते शेवटी सांगतो मॅडम." त्यावर त्या म्हणत, "शेवटी काहून? सुरुवात तेथूनच कर ना."

हा प्रश्न घरचा होता. त्यांचे वडील अकोल्याच्या जुन्या शहरात राहत, नदीपलीकडच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती करत. रोज पहाटे फुलांची टोपली अमरावतीच्या एसटीवर चढवायची. एसटी नाही आली तर? त्यासाठी एका दूधवाल्याशी बोलून ठेवलेलं. दूधवाला नाही आला तर? चुलतभावाची सायकल स्टेशनापर्यंत, पुढे बडनेऱ्याची रेल्वे. बापाने तीन वाटा तयार ठेवल्याशिवाय टोपली कधी भरली नाही, असं त्या सांगत. वर्गातही त्या विहिरीवरच्या मोटारीपासून सुरुवात करत. टाकी भरली की चेंडू वर येतो, मोटार बंद होते. चेंडू अडकला तर? त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज परदेशात आहेत. त्यांतला एक मला म्हणाला की सूत्रं विसरलो, चेंडू अडकतो तेवढं लक्षात आहे.

फुलांच्या घरात जन्मून त्यांनी केसात फूल कधी माळलं नाही. विचारलं तर म्हणत, "आमच्या घरी फुलं इकायची असतेत." पण प्रत्येक नव्या ट्रकसाठी भावाच्या दुकानातून झेंडूचा हार स्वतः घेऊन येत, आणि तो समोर बांधू देत नसत. त्याला कारण होतं.

पहिला ट्रक मोर्शी रस्त्यावर आणला तेव्हा तो नीट चालेना. पन्नास पावलं जाऊन ब्रेक, पुन्हा चालू, पुन्हा ब्रेक. पुण्याहून आलेला अनिकेत नावाचा अभियंता लॅपटॉप मांडीवर घेऊन दुपारभर केबिनमध्ये बसला. पोरगा हुशार होता आणि घामाघूम झाला होता. बागांतून माणसं जमली. कोणी म्हणालं, "बैल बुजला." मॅडम बराच वेळ ट्रकभोवती फिरत होत्या. मग समोर वाकून पाहिलं आणि चालकाला हाक मारली.

चालकाचं नाव गजानन. वीस वर्षं याच रस्त्यावर ट्रक चालवलेला, चांदूरबाजारकडचा माणूस.

"गजाननभाऊ, हे तुमी बांधलं का?"

बंपरखाली, जिथून ट्रक पुढचा रस्ता पाहतो त्याच काळ्या पट्टीसमोर, लिंबू आणि मिरच्या लोंबत होत्या. ट्रक हलला की लिंबू हले, आणि ट्रकला वाटे की कोणी आडवं आलं.

"नवी गाडी हाय मॅडम," गजानन म्हणाला. "मोकळी कशी ठेवायची?"

अनिकेत ते तोडायला पुढे झाला. मॅडमनी त्याला थांबवलं. "तोडू नको. भाऊ, लिंबू मांगं बांधा. नजर काय समोरूनच लागते का?"

गजाननने थोडा विचार केला. "मांगून जास्त लागते, खरं म्हनजे," तो म्हणाला, आणि लिंबू मागे गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेखी सूचनांत एक ओळ वाढली: वाहनाच्या पुढील भागावर हार, लिंबू, काळी बाहुली, तोरण बांधू नये, मागे बांधावे. मुंबईच्या कार्यालयाने ती ओळ वगळायला सांगितली होती, शासकीय कागदात शोभत नाही म्हणून. मॅडमनी ती ठेवली. दसऱ्याला सगळे ट्रक मागून सजले होते.

सीमेपलीकडच्या कक्षाचे प्रमुख दुबे नावाचे गृहस्थ होते. पान खाणारे, मोठ्याने हसणारे, कामात पक्के. ट्रक सीमेवर आला की अमरावतीचा कक्ष त्याला सोडणार आणि दुब्यांचा कक्ष धरणार, अशी रचना होती. मधले काही क्षण चाक चालकाच्या हातात. हे सगळं यंत्रं आपसात करणार होती. मॅडमना ते पुरेना. त्यांनी आग्रह धरला की दर वेळी दोन माणसांनी फोनवर बोलायचं. इकडच्याने म्हणायचं, "गाडी दिली." तिकडच्याने म्हणायचं, "गाडी घेतली." घेतली ऐकू येईपर्यंत दिली असं धरायचं नाही.

वरूडच्या विश्रामगृहातल्या बैठकीला मी होतो. दुबे हसून म्हणाले, "मैडम, ट्रक है, बिटिया थोड़ी है. इतना रोना-धोना?"

"पोरगी असती तं एवढं इचारलं नसतं कोनी," मॅडम म्हणाल्या.

दुब्यांनी पानाची डबी बंद केली आणि म्हणाले, ठीक आहे, बोलू. पण शब्द त्यांनी आपला ठेवला. "ले ली, मैडम, ले ली." मॅडम फोन ठेवत नसत. "दोन्हीकडं एकच शब्द पाह्यजे, दुबेजी. घेतली म्हना." दुबे म्हणत, "अरे, ले ली ना." हा वाद प्रत्येक ट्रकमागे चाले आणि दोघांना तो आवडत असावा.

आता त्या ठिकाणाविषयी. सीमेवर रस्ता चढतो आणि डावीकडे वळतो. वळणाच्या आधी कडुनिंबाखाली मातामायचं ठाणं आहे. शेंदूर फासलेले दगड, वर पत्र्याचं छप्पर, एक घंटा. वरूडकडून जाणारा प्रत्येक चालक तिथे गाडी हळू करतो, हॉर्न देतो आणि हात जोडतो. त्याच्या बापानेही तसंच केलेलं असतं. राज्याची हद्द नकाशात जिथे काढली आहे, ती रेघ नेमकी या ठाण्याजवळून जाते.

संत्र्याचा हंगाम तोंडावर आला होता. मंत्र्यांच्या हस्ते हिरवा झेंडा दाखवायचं ठरलं होतं, मांडवाचे बांबू मोर्शीत येऊन पडले होते. तोवर ट्रक सीमेवर उभा करूनच सोपवला जाई; उद्घाटनाआधीच्या शेवटच्या चाचण्यांत तो चालता सोपवायचा होता. त्यांतल्या पहिल्याच चाचणीत गजाननचा ट्रक त्या वळणावर एकदम थांबला. मागून एक काळी-पिवळी जीप येत होती, बाजाराची माणसं भरलेली. जीपवाल्याने गाडी बांधावर घातली म्हणून वाचले. कोणाला लागलं नाही. एका म्हातारीची कोंबडी पळाली, ती तिने बराच वेळ शोधली.

कंपनीचा अहवाल संध्याकाळपर्यंत तयार होता. ट्रकने सीमेवर इशारा दिला, चालकाने चाक धरलं नाही, म्हणून ट्रक ठरल्याप्रमाणे जागीच थांबला. यंत्र निर्दोष, चालक निष्काळजी. गजाननला कामावरून काढावं आणि उद्घाटन ठरल्या दिवशी व्हावं. त्यासाठी समन्वयकाची सही हवी होती.

गजानन म्हणत होता की त्याचे हात चाकावरच होते. तो खोटं बोलतो आहे असं सगळ्यांना वाटलं, मलाही. मी तशी बातमीही लिहिली होती, 'चालकाच्या चुकीमुळे' अशी. मॅडमचा फोन आला. "उद्यापर्यंत थांबता का? मी एकदा बसून येतो त्याच्या बाजूले." आमच्याकडे बायकाही 'येतो' म्हणतात. बातमी एक दिवस थांबली.

दुसऱ्या दिवशी रिकामा ट्रक निघाला. केबिनमध्ये गजानन आणि मॅडम, मागे फार अंतर ठेवून अनिकेतची गाडी, तिच्यात मी. मागची वाहतूक पोलिसांनी अडवून धरली होती. चढावर ट्रकचा हॉर्न वाजला. मग तो वळणावर थांबला, कालच्यासारखाच.

आम्ही धावत गेलो. दार उघडलं होतं. मॅडम आतच बसून होत्या.

"चाक धरा म्हनून इशाऱ्याचा भोंगा वाजला," त्या म्हणाल्या. "मी ऐकला. मंग मी गजाननभाऊच्या हाताकडं पाह्यलं. जोडलेले होते. मंग माह्या हाताकडं पाह्यलं."

"मंग?" अनिकेतने विचारलं. त्यांच्या सहवासात तोही मंग म्हणायला लागला होता.

"माहेबी जोडलेले होते. मी कायले आली होती ते मले मालूम होतं, तरीबी."

गजानन स्वतःच्या हातांकडे पाहत होता. "मले खरंच मालूम नोतं, मॅडम," तो म्हणाला. "आईची शप्पथ."

"मालूम राहत नाही भाऊ. म्हनूनच तं."

दोन सरकारांनी, एका कंपनीने आणि अनेक तज्ज्ञांनी मिळून साऱ्या रस्त्यातली ती एकच जागा निवडली होती जिथे इथला प्रत्येक चालक दोन्ही हात सोडतो. त्या तज्ज्ञांत आपण पहिल्या, असं मॅडम नंतर म्हणत. कित्येक वेळा त्या तिथून गेल्या होत्या, दर वेळी हात जोडून.

त्यानंतरचे दिवस बैठकांचे होते. एकाने सुचवलं की चालकांना परिपत्रक काढावं, चालत्या वाहनात नमस्कार करू नये. दुसऱ्याने सुचवलं की ठाणंच हलवावं. मॅडमनी दुसऱ्याकडे नुसतं पाहिलं. पहिल्याला म्हणाल्या, "कागद काढा. मी सही करतो. अन् त्यानं नाही ऐकलं तं? त्याले त्याचा हातच मालूम नाही, तुमचा कागद कुठं मालूम राहीन?"

त्यांचं म्हणणं साधं होतं. ट्रक देण्या-घेण्याची जागा पुढे न्या. ठाणं मागे पडलं, वळण संपलं, नाल्यावरचा पूल ओलांडला की सरळ रस्ता लागतो, तिथे द्या. मातामायजवळ चाक ट्रककडेच राहू द्या, चालकाला हात जोडू द्या. पण याचा अर्थ असा की मध्य प्रदेशाच्या जमिनीवरून थोडं अंतर ट्रक अमरावतीच्या कक्षाच्या ताब्यात राहणार. तिथे काही झालं तर जबाबदारी कोणाची? या प्रश्नाला दोन्ही राजधान्यांत उत्तर नव्हतं. दुब्यांनी आपल्या बाजूने फाइल चढवली. "टाइम लगेगा, मैडम," ते म्हणाले. "सीमा का मामला है. एक सीज़न तो गया समझिए."

मोर्शीत बागायतदारांची सभा झाली. मांडवाचे बांबू तसेच पडून होते. एक म्हातारे शेतकरी उठले. "बाई, तुमी आमच्यातल्याच. मळ्यातल्या. आमची संत्री झाडाले हायेत अन् तुमी हाताचा विचार करून राह्यल्या?"

"दादा, संत्री जातीन," मॅडम म्हणाल्या. "जुन्या ट्रकनं जातीन, जशी आजवर गेली. त्या जीपमंधी तुमच्याच गावची मान्सं होती."

"काही झालं तं नाही ना त्याहिले?"

"नाही झालं."

"मंग?"

हा त्यांचाच प्रश्न उलटून त्यांच्यावर आला होता. सभेत हसू पसरलं. मॅडम हसल्या नाहीत. "मंग मी सही करत नाही," म्हणाल्या आणि खाली बसल्या. म्हाताऱ्यांनी जाताना त्यांच्यासमोर संत्र्यांची पिशवी ठेवली. रागावलेल्या माणसाने ठेवावी तशी, जोरात. पण ठेवली.

उद्घाटन रद्द झालं. गजाननवरची कारवाई मागे घ्यावी, ट्रक देण्याची जागा सदोष आहे, असा अहवाल मॅडमनी दिला. पंधरवड्यात त्यांची प्रतिनियुक्ती संपवून त्यांना मूळ जागी परत पाठवल्याचा आदेश निघाला. कारण दिलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वर्गात पोरं वाट पाहून राह्यले." ते खरं नव्हतं. सुट्ट्या होत्या.

त्या काळात अकोल्याला कामानिमित्त गेलो की मी जुन्या शहरात त्यांच्याकडे जाई. अरुंद गल्ली, खाली भावाचं फुलांचं दुकान, वर त्यांची खोली. पायऱ्यांवर ओल्या पाकळ्या चिकटलेल्या असत. चहा स्टीलच्या थर्मासमधून मिळे, कारण गॅस संपला तर म्हणून त्या सकाळीच दिवसभराचा करून ठेवत. तो दुपारपर्यंत कडू होई. आता अकोल्यात तसा कडू चहा कुठे मिळत नाही, आणि मिळावा असं वाटण्याचंही खरं तर कारण नाही. प्रयोगाविषयी त्या बोलत नसत. एकदाच विचारलं, "गजाननभाऊ हाय ना कामावर?" आहे, म्हणालो. त्यांनी चहा पुन्हा ओतला.

फाइल पुढल्या हंगामापर्यंत फिरली आणि मंजूर झाली. दोन्ही सरकारांनी मान्य केलं की ट्रक सीमेवर सोपवायचा नाही, पुढे पुलापलीकडे सोपवायचा, आणि तोवरची जबाबदारी आधीच्या कक्षाची. तशीच परतीच्या ट्रकसाठी उलट्या बाजूला सोय झाली. आदेशात मातामायचा उल्लेख नाही. 'स्थानिक वाहतूक-सवयी लक्षात घेऊन' एवढंच आहे. मॅडमचाही नाही. मोर्शीत मांडव पडला, मंत्री आले, भाषणं झाली. नवे समन्वयक व्यासपीठावर होते. मॅडमना निमंत्रण होतं का, अशी मी चौकशी करून पाहिली. यादी मुंबईहून आली होती.

झेंडा दाखवल्यावर बहुतेक पत्रकार जेवायला गेले. मी मोटारसायकलने पुढे निघालो. ट्रक मागून येणार होते. चढावर पोचलो तेव्हा कडुनिंबाखाली मॅडम उभ्या होत्या. एसटीने वरूडला आणि तिथून कोणाच्या तरी दुचाकीवर आल्या होत्या. हातात रिकामी पिशवी. पिशवीतला हार मातामायच्या गळ्यात होता.

"तुमी कायले आले?" त्यांनीच मला विचारलं.

"बातमीला."

"बातमी तं मांगं झाली, मोर्शीले."

चढाखालून ट्रक येताना दिसला. त्याच्या मागे काही अंतरावर दुसरा. त्यांनी फोन काढून कोणाला तरी लावला आणि छातीशी धरला.

हॉर्न वाजला. ट्रक ठाण्यापाशी हळू झाला. काचेतून गजानन स्पष्ट दिसला, दोन्ही हात जोडलेले, डोळे क्षणभर मिटलेले, आणि समोरचं चाक आपोआप डावीकडे वळत होतं. त्याने मॅडमना पाहिलं असावं, कारण जोडलेले हात तसेच त्यांच्याकडे फिरले. ट्रक वळणावरून गेला. मागच्या फळीला लिंबू-मिरची आणि झेंडूचा हार हलत होता.

मॅडमनी हात जोडले नाहीत. त्या पुलाकडे पाहत होत्या. ट्रक पूल ओलांडून सरळ रस्त्याला लागला. फोनवर आधी नुसती खरखर आली, नंतर दुब्यांचा आवाज. तो स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आला.

"घेतली, मैडम."

त्यांनी फोन पिशवीत टाकला. मग मातामायकडे वळल्या आणि हात जोडले.